पावसाळ्याची बेगमी आणि घरातील मुले

श्रावण वद्य अष्टमीस मध्यरात्री जन्मोत्सव होतो आणि त्याआधी कीर्तनात वसुदेवाचे आख्यान लावण्याची आपल्या मंदिरात जुनी चाल आहे. काळोखी रात्र, दुथडी भरलेली यमुना, वरून पाऊस आणि डोक्यावरील टोपलीत बाळ, हे चित्र आपल्या घरांतील प्रत्येक मुलाच्या ओळखीचे आहे. २०२४ साली गोकुळाष्टमी २६ ऑगस्ट रोजी आली. त्या रात्री पाऊस थांबावयास तयार नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे गोपाळकाल्याच्या दिवशी, बडोद्यातील कित्येक कुटुंबे आपली अंथरुणे व धान्याचे डबे पाण्यातून उचलून वरच्या मजल्यावर नेत होती. काळा घोडा पुलापाशी विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट धरतात. त्या दिवसांत नदी ३५ फुटांच्याही वर गेली.

त्यापूर्वी पाच वर्षे, ३१ जुलै २०१९ रोजी, बडोद्यात एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला होता. तेव्हा गळ्याएवढ्या पाण्यातून एका पोलीस अधिकाऱ्याने एक तान्हे मूल प्लास्टिकच्या टपात निजवून, तो टप डोक्यावर घेऊन सुखरूप बाहेर आणले. त्याचे छायाचित्र देशभर प्रसिद्ध झाले, आणि ज्याने ज्याने ते पाहिले त्याला वसुदेवच आठवला.

त्या चित्राबद्दल आम्हांसही आदरच वाटतो. परंतु ते पाहताना एक प्रश्न मनात येतो. जे बाळ टोपलीत मावते त्याला उचलून नेता येते. आठ, दहा, बारा वर्षांच्या मुलाचे काय करावयाचे? ते टोपलीत मावत नाही, आणि मोठ्यांच्या मसलतीत त्याला कोणी घेत नाही. संकटाच्या वेळी त्याच्या वाट्याला एकच आज्ञा येते : ‘तू गप्प एका जागी बस.’ आम्ही आज जे लिहीत आहोत ते मुख्यत्वे या मुलांविषयी आहे. आम्ही या विषयातील तज्ज्ञ नव्हे. आमचे शिक्षण शाळेपुरतेच झाले आहे. मात्र त्या तीन दिवसांत जे अनुभवास आले, आणि पुढे जे वाचून व जाणत्यांस विचारून समजले, ते सभासद कुटुंबांपुढे ठेवणे आमचे काम आहे असे वाटते.

प्रथम आमच्या घरचीच फजिती सांगतो. पाणी ओट्याची पहिली पायरी चढले तेव्हा सकाळ होती. तासाभरात ते माजघरात आले. आमचे तीर्थरूप देवांची संबळी घेऊन वर गेले, मातोश्रींनी पिठाचे डबे उचलले, बंधू व आम्ही गाद्या, पोथ्या, शिलाईचे यंत्र असे हाताला येईल ते वर नेऊ लागलो. वीज गेली. वीज गेल्यावर ध्यानात आले की पाणी शुद्ध करणारे यंत्र विजेवर चालते, टाकीत पाणी चढविणारी मोटर विजेवर चालते, आणि घरात भरून ठेवलेले पिण्याचे पाणी म्हणजे तांब्याची एक कळशी व मुलांच्या शाळेच्या दोन बाटल्या. दुपारपर्यंत मोबाईल एकामागून एक मालवले. वहिनींच्या माहेरी निरोप द्यावयाचा होता. शेजारच्या गृहस्थांचा मोबाईल चालू होता व ते देण्यासही तयार होते, पण घरातील सहा माणसांपैकी एकालाही माहेरचा क्रमांक तोंडपाठ नव्हता! सगळे क्रमांक त्या मालवलेल्या यंत्रांच्या पोटात.

या साऱ्या धावपळीत आमची नऊ वर्षांची पुतणी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून होती. तिला आम्ही सर्वांनी मिळून किमान दहा वेळा गप्प बसावयास सांगितले असेल. ती गप्प बसलीही, पण संध्याकाळी तिला थरथर सुटली आणि काही केल्या थांबेना. ताप म्हणावा तर अंग थंड. शेवटी आजीने तिला जवळ बोलाविले, तिच्या हाती एक लहान गडू दिला व म्हटले, ‘हे बघ बाळ, आपल्याकडे एवढंच पाणी आहे. प्रत्येकाला किती द्यायचं ते आता तू ठरव, आणि कोणी जास्त मागितलं तर देऊ नकोस.’ मुलीने कळशीतले पाणी गडवाने मोजले, माणसे मोजली, बोटांवर भागाकार केला. रात्री तीर्थरूपांनी दुसऱ्यांदा पाणी मागितले तेव्हा तिने त्यांनाही नाही म्हटले. त्यानंतर ती झोपली ती सकाळपर्यंत. थरथर पुन्हा आली नाही.

आजीने जे केले त्यात आमच्या आजच्या पाठाचे सार आले आहे असे आम्ही समजतो. मुलाच्या मनातील भीती उपदेशाने जात नाही. त्याच्या हाती खरे, उपयोगाचे काम असले म्हणजे तिला जागाच उरत नाही. पण ते काम संकटाच्या दिवशी शोधावयाचे म्हटले तर सापडत नाही, कारण त्या दिवशी मोठ्यांची डोकी ठिकाणावर नसतात. आमच्या घरी आजी होती म्हणून निभावले.

आपल्या भाषेत ‘बेगमी’ असा एक सुंदर शब्द आहे. मृग लागण्यापूर्वी घरोघर पावसाळ्याची बेगमी होत असे. पापड, कुरडया, सांडगे, लोणची, मेतकूट, कडधान्ये, रचून ठेवलेली लाकडे व गोवऱ्या. आजी सांगते की तिच्या लहानपणी या कामात मुलांस सूट नव्हती. पापडांची राखण, गोवऱ्या आत आणणे, धान्याला राख चोळणे ही मुलांची कामे, आणि त्यामुळे घरात काय आहे, किती आहे व कोठे आहे हे सात वर्षांच्या पोरासही ठाऊक असे. आज दुकान दारात आहे, आणि काही शहरांत तर दहा मिनिटांत सामान घरी येते. ही सोय वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. जुन्या काळी सर्व काही उत्तम होते असेही आम्ही मानत नाही. जुलै १९२७ च्या महापुरात बडोद्यासह सारा गुजरात बुडाला तेव्हा घराघरांतील बेगमीही वाहून गेली होती. आमचे म्हणणे एवढेच की बेगमी करण्याची सवय गेली तेव्हा तिच्यासोबत मुलांचे घराविषयीचे ज्ञानही गेले, आणि हे आपल्या लक्षातही आले नाही.

आता पाण्याकडे वळू, कारण पुरात प्रथम तुटवडा पडतो तो पाण्याचाच. पिण्यास व स्वयंपाकास माणशी दररोज तीन ते चार लिटर पाणी धरावे. पाच माणसांचे कुटुंब, तीन दिवस व माणशी चार लिटर असा हिशेब केला तर ६० लिटर होतात. हा हिशेब आपण करू नये, मुलाकडून करवावा. नंतर त्याला घरातील हंडा, कळशी, बादली मोजावयास लावावी : लिटरची बाटली किती वेळा ओतली म्हणजे हंडा भरतो? चौथीच्या मुलास हे गणित पुस्तकातल्यापेक्षा चांगले समजते, आणि आपल्या घरात ६० लिटर साठविण्यास भांडी आहेत की नाहीत हेही उघड होते. आमच्या घरी नव्हती. मुसळधार पावसाचा इशारा आला की भांडी घासून, भरून, झाकून ठेवण्याचे काम त्या मुलाकडेच द्यावे.

पूर ओसरल्यावर नळाचे पाणी गढूळ येते. ते चौपदरी स्वच्छ फडक्यातून गाळावे. तुरटी फिरविली की गाळ खाली बसतो, पण तुरटीने जंतू मरत नाहीत, ही गोष्ट मुलांस व मोठ्यांस सारखीच समजावून सांगणे अवश्य आहे. निवळ दिसते ते शुद्ध असतेच असे नाही. पाणी खळखळून उकळले पाहिजे, आणि पूर्ण उकळी फुटल्यावर एक मिनिट तसेच उकळू द्यावे. इंधन नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या वापराव्यात. किती पाण्यास किती गोळ्या हे वेष्टनावर दिलेले असते. गोळी विरघळल्यावर अर्धा तास थांबून मग पाणी प्यावे. ज्या घरांत वा सोसायट्यांत जमिनीखाली टाकी आहे, तिच्यात पुराचे पाणी शिरले असल्यास ती उपसून धुतल्याखेरीज तिचा थेंबही वापरू नये. २०२४ साली कित्येकांनी घाईने मोटर चालू करून ते घाण पाणी वरच्या टाकीतही चढविले.

पाण्याच्या पाठोपाठ जुलाब येतात, आणि लहान मुलास जुलाबापेक्षा अंगातील पाणी आटण्याचे भय अधिक. त्यावरील उपाय घरातील दहा-बारा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस हाताने करता आला पाहिजे असे आम्हांस आग्रहाने सांगावयाचे आहे. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. शीग लावून चमचा भरावयाचा नाही. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, म्हणून चव घेऊन पाहावी, ती डोळ्यांतील आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. हे पाणी घोटघोट पाजीत राहावे व चोवीस तासांनी उरलेले टाकून द्यावे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या तयार पुड्या घरात असतील तर उत्तमच. सहा महिन्यांखालील बाळास अन्न म्हणून आईच्या दुधाखेरीज काही नको, आणि घाबरलेल्या आईचे दूध आटते म्हणून बाटली सुरू करावी हा सल्ला ऐकू नये. पुरात बाटली उकळणार कोण? बाळ निपचित पडू लागले, डोळे खोल गेले, लघवी होईना, तर घरगुती उपायात वेळ न दवडता वैद्यकीय मदत गाठावी.

अन्नाच्या बाबतीत आपण लोक खरोखर भाग्यवान आहोत, कारण विस्तवाशिवाय खाण्याजोगे पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात मुळातच पुष्कळ आहेत. गोपाळकाल्याचेच पाहा. पोहे, लाह्या, दही, लोणचे, काकडी. चूल पेटविल्यावाचून शंभर माणसे जेवतात. २०२४ साली काल्यासाठी आणलेल्या पोह्यांची व लाह्यांची पोती मंदिराच्या माळ्यावर तशीच होती, आणि पुढचे दोन दिवस आसपासच्या घरांना त्यांचा फार आधार झाला. दही लवकर आंबले, तेव्हा गूळ घालून खाल्ले. घरात पातळ पोहे, चुरमुरे, फुटाणे, दाणे, गूळ, खजूर, राजगिऱ्याचे लाडू ठेवावेत. गुजरातेत राहून खाकरा विसरण्याचे कारण नाही. आमची विशेष शिफारस सातूच्या पिठाची आहे. ते पाण्यात किंवा दुधात गूळ घालून कालविले की झाले. शिळे होत नाही, लहानांना पचते, आणि दात नसलेल्या आजोबांनाही चालते. मात्र वर्षभर डब्यात तसेच ठेवून पोरकिडे होऊ देऊ नयेत. महिन्याकाठी एकदा खावे व नवे भरावे. डब्यावर तारीख घालण्याचे काम अर्थातच मुलांचे.

येथे एक गोष्ट सांगून टाकतो. दडपे पोहे करणे, भात लावणे, गॅस नीट पेटविणे व नीट बंद करणे, आपले कपडे धुणे ही मुलींची शिकण्याची कामे आहेत असे कित्येक घरांत अजूनही मानतात. आमच्या पाहण्यातील एक तेरा वर्षांचा मुलगा त्या दिवसांत लहान भावासह घरी एकटा अडकला होता. आईवडील कामावर गेले ते नदीच्या पलीकडेच राहिले. घरात तांदूळ होते, डाळ होती, गॅस होता. दोघांनी दीड दिवस बिस्किटे खाल्ली. मुलगा अभ्यासात हुशार आहे, पहिला-दुसरा नंबर सोडीत नाही. त्याला भात येत नव्हता.

वीज व गॅस यांविषयी थोडक्यात. पाणी उंबऱ्याशी आले की आत येण्याची वाट न पाहता विजेचे मुख्य बटण बंद करावे. हात ओले असतील किंवा पाय पाण्यात असतील तर मात्र त्याला हात लावू नये. मुख्य बटण कोठे आहे हे मुलांस दाखवून ठेवावे. ते कोणी व केव्हा बंद करावयाचे हे घरातील मोठ्यांनी ठरवावे. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून तो काढून ठेवावा. सिलिंडर पाण्यावर तरंगतो व आपटतो, म्हणून शक्य तर वर न्यावा, नाही तर बांधून ठेवावा. पाण्यात बुडालेले कोणतेही विजेचे यंत्र वाळले आहे असे पाहून लगेच चालू करू नये, जाणकारास दाखवावे.

आता नदीविषयी. विश्वामित्री पावागढावरून येते, वाटेत सूर्या नदीचे पाणी घेते, शहराच्या मधून वळणे घेत जाते व पुढे ढाढरला मिळते. शहराच्या वरच्या अंगाला सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत बांधलेले आजव्याचे सरोवर आहे. ते भरले की त्याचे पाणीही नदीतच येते. यातून एक गोष्ट निघते व ती मुलांस सांगण्यासारखी आहे : आपल्या डोक्यावरचा पाऊस थांबला म्हणजे पूर थांबला असे नाही. २०२४ साली असेच झाले. पाऊस उघडला, लोक आवराआवर करू लागले, आणि पाणी मात्र हटेना. ज्या घरात दहा वर्षांवरील मूल आहे तेथे पावसाळ्यात भिंतीवर एक कागद लावावा, आणि आजव्याची व काळा घोड्याची पातळी रोजच्या बातम्यांतून पाहून त्याने तीवर लिहावी. आमच्या पुतणीने गेल्या पावसाळ्यात हे केले. ती आता सकाळी उठल्यावर पुराविषयी ‘काका, पूर येणार का?’ असे विचारीत नाही. ‘काल चौदा होती, आज सोळा आहे’ असे सांगते. आम्हांला तर या दोन वाक्यांतील अंतर फार मोठे वाटते.

पाण्यात चालण्याचा प्रसंग आलाच तर वाहत्या पाण्याला कधीही हलके समजू नये. सहा इंच खोल पण वेगाने वाहणारे पाणी मोठ्या माणसाचेही पाय उखडते. दोन फूट पाणी मोटारगाडी तरंगत नेते. मुलाच्या घोट्यावर आलेले वाहते पाणी म्हणजे मुलाने थांबण्याची खूण. उघडी गटारे व झाकणे निघालेली भोके गढूळ पाण्याखाली दिसत नाहीत, म्हणून हाती काठी असावी व प्रत्येक पावलापुढे ती टेकून पाहावी. पायांत बांधीव पादत्राण असावे. उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून, पायाला जखम असल्यास, लेप्टोस्पायरोसिस नावाचा ज्वर होतो. पुरानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप व पोटऱ्यांत वेदना सुरू झाल्या तर ‘पाण्यातून चाललो होतो’ हे डॉक्टरांस अगत्याने सांगावे. बहुधा हेच सांगावयाचे राहते.

बडोद्याच्या लोकांना मगरींचे निराळे सांगावयास नको. विश्वामित्रीच्या मगरी पुरात वस्तीत शिरतात व त्यांना पकडून परत नेण्याचे काम वनखात्याचे लोक करतात. मगर दिसली तर दगड मारू नये, जवळ जाऊन छायाचित्र काढू नये, मुलाने मागे सरावे व मोठ्यांस हाक मारावी. साप तर कपाटात, जोड्यात, कोणत्याही कोरड्या जागी आसरा घेतो. सर्पदंश झाला तर आवळून बांधणे, चिरा देणे, विष चोखणे यांपैकी काही करू नये. तो अवयव न हलविता रोग्याला इस्पितळात न्यावे, कारण प्रतिविष तेथेच मिळते. आमच्या पुरोहितवर्गाकडे मंत्र घालण्यासाठी अजूनही कोणी कोणी येतात. तीर्थरूप त्यांना दारातूनच इस्पितळात पाठवितात.

क्रमांकांकडे परत येतो, कारण आमची स्वतःची फजिती तेथे झाली. पाढे पाठ करविण्याची आपली रीत अजून मेलेली नाही. तिचा उपयोग करावा. पाच वर्षांवरील मुलास आईचा व वडिलांचा मिळून दोन तरी मोबाईल क्रमांक, आणि परगावच्या एका नातलगाचा क्रमांक, पाठ असलाच पाहिजे. परगावचा यासाठी की शहरातील सर्वच यंत्रे मालवली तरी इंदूरच्या आत्याचे किंवा पुण्याच्या मामाचे चालू असते, आणि ताटातूट झालेली माणसे तिच्या किंवा त्याच्याकरवी एकमेकांचा ठाव लावू शकतात. बोलणे जमत नसले तरी कित्येकदा लिहिलेला लहान संदेश जातो. कोणत्याही संकटास ११२, रुग्णवाहिकेस १०८, आगीस १०१, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षास १०७७ आणि मुलांच्या मदतीस १०९८ हे क्रमांक संध्याकाळच्या परवच्यात परवा म्हणूनच घ्यावेत. शुभंकरोतीला त्याचा विटाळ होणार नाही.

याच संदर्भात आणखी एक. हरवलेल्या लहान मुलाला ‘तुझ्या आईचे नाव काय?’ असे विचारले तर ते ‘आई’ असे उत्तर देते. आमच्या धाकट्या पुतण्याने तेच दिले. आईवडिलांचे पूर्ण नाव, राहत्या जागेचा पत्ता व जवळची खूण मुलास सांगता आली पाहिजे, आणि पुराच्या दिवसांत ही माहिती लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्या खिशात टाचून द्यावी. ताटातूट झाल्यास कोठे भेटावयाचे ती जागाही ठरलेली असावी, एक घराजवळची व एक वस्तीबाहेर उंचावरची. शाळेत असताना पाणी आले तर मुलाने एकट्याने घरी निघावयाचे नाही व आपणच येऊन नेऊ हे त्याला वचन म्हणून सांगावे, आणि आपल्याऐवजी दुसरे कोण येऊ शकेल त्यांची नावेही आधीच ठरवावीत.

पुढील गोष्ट लिहिताना हात अडखळतो. १८ जानेवारी २०२४ रोजी आपल्या बडोद्यात, हरणीच्या तलावात, शाळेच्या सहलीला आलेल्या मुलांची नाव उलटली. १२ मुले व २ शिक्षिका गेल्या. नावेतील सगळ्यांच्या अंगात तरंगजाकिटे नव्हती. दोष कोणाचा हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. पालक म्हणून आपल्या हाती एक गोष्ट आहे. आपण मुलांस मोठ्यांचे ऐकावयास शिकवितो आणि ते योग्यच आहे. परंतु ‘जाकीट असल्याशिवाय मी नावेत बसणार नाही’, ‘दार बंद असेल तर मी या खोलीत थांबणार नाही’ असे म्हणण्याची मुभा त्यांना आपण स्पष्ट शब्दांत दिली पाहिजे, आणि असे म्हटल्याबद्दल कोणी रागावले तर आपण मुलाच्या बाजूने उभे राहू हेही सांगितले पाहिजे. आज्ञाधारकपणा हा गुण मानणाऱ्या आपल्यासारख्या घरांत हे बोलणे सोपे नाही. आमच्या घरी त्यावर बराच वाद झाला. तीर्थरूपांचे मत पडण्यास दोन दिवस लागले, पण पडले ते मुलांच्या बाजूने.

भूकंपाविषयी स्वतंत्र लिहावे लागेल. २६ जानेवारी २००१ चा भूकंप येथील वडीलधाऱ्यांना आठवतो. तूर्त इतकेच की धरणी हालू लागली तर मुलाने मजबूत टेबलाखाली शिरून त्याचा पाय घट्ट धरावा, डोके झाकावे, जिन्याकडे व लिफ्टकडे धावू नये, आणि बाहेर असल्यास भिंतींपासून दूर मोकळ्यावर जावे.

मुलांशी या गोष्टी बोलाव्यात की नाहीत, असे काही माता विचारतात. बोलाव्यात, पण दिवसा, शांत वेळी, हातात काही काम असताना. ‘काही होणार नाही’ असे खोटे आश्वासन देऊ नये, कारण झालेच तर मूल पुन्हा आपल्यावर विश्वास ठेवीत नाही. ‘पाणी आले तर आपण काय करू ते आपल्याला माहीत आहे’ एवढे खरे आहे व पुरेसे आहे. पुराची दृश्ये मोबाईलवर दिवसभर लावून ठेवणे मात्र टाळावे. मोठ्यांस ती बातमी असते, लहान मुलास प्रत्येक वेळी नवा पूर आलासा वाटतो.

बोलण्यापेक्षाही अधिक उपयोगी असा एक अभ्यास आम्ही घरी करून पाहिला, तो सांगून थांबतो. ज्येष्ठ महिन्यातील एका शनिवारी दिवेलागणीनंतर सातपासून नऊपर्यंत घरातील विजेचे मुख्य बटण बंद केले, मोबाईल एका डब्यात घातले, नळ वापरावयाचा नाही असे ठरविले, आणि नेहमीसारखे राहावयाचे असे सर्वांस सांगितले. पहिली दहा मिनिटे हसण्यात गेली. मग एकेक गोष्ट उघडी पडू लागली. बॅटरी सापडली, पण तिच्यातील सेल गळून गंजलेले. देवघरातील काड्यापेटी सर्दलेली. आजीच्या रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या अंधारात हाताला अगदी सारख्या लागतात असे आढळले, तेव्हा पुतणीने एका पट्टीला रबराचे वेढे घातले. हे कोणाही मोठ्याला सुचले नव्हते. दडपे पोहे तिने व तेरा वर्षांच्या शेजारच्या मुलाने केले. मीठ कमी पडले. धाकटा पुतण्या अंधारात मोरीपर्यंत जावयास भ्याला, म्हणून भिंतीला धरून पावले मोजीत जाण्याचा खेळ केला. सतरा पावले. आता तो डोळे मिटून जातो.

नऊ वाजता वीज लावली आणि मुलांकडूनच यादी करविली : काय नव्हते, काय होते पण सापडले नाही, काय कोणाला येत नव्हते. यादीत एकवीस गोष्टी निघाल्या. त्यांतील पंधरा आठवड्याभरात आणि बहुतेक पैसे न लागता पुऱ्या झाल्या. पुढच्या खेपेस दिवसाउजेडी सर्वांनी आजीस घेऊन गच्चीवर जाण्याचा सराव करावयाचा आहे. गच्चीच्या दारास कुलूप असते, आणि त्याची किल्ली कोठे टांगलेली आहे हे घरातील तिघांना माहीत नव्हते.